चॅटबॉटला ‘मी आळशी का आहे?’ विचारताय? या चुका टाळा

टेस्टचे मार्क लागलेत, रिव्हिजनचा ढीग तसाच पडलाय, आणि रात्री साडेअकराला लातूरच्या ट्यूशन एरियातल्या रूमवर कुणीतरी चॅटबॉटला लिहितं: ‘मी इतका आळशी का आहे?’ पहिली चूक इथंच होते. प्रश्नातच निकाल देऊन टाकलाय. चॅटबॉट तुमच्याच शब्दांना धरून पुढे बोलतो आणि सहसा तुमची री ओढतो. मग लवकर उठा, मोबाईल दूर ठेवा असे दहा उपाय येतात. ते तुम्हाला आधीच पाठ असतात.

चालढकल म्हणजे बहुतेकदा आळस नसतोच. टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरोई या मानसशास्त्रज्ञांची मांडणी अशी आहे की, एखादं काम समोर आलं की भीती, कंटाळा किंवा लाज वाटते. काम पुढे ढकललं की लगेच बरं वाटतं. आणि त्या बरं वाटण्यामुळेच सवय पक्की होते. म्हणून शोधायचं ते नेमकं कोणतं काम आणि नेमकी कोणती भावना.

त्यासाठी निकाल नको, नोंदी हव्यात. सात दिवस, दर वेळी काम टाळलं की वहीत एक ओळ लिहा: वेळ, काम, त्याआधी मनात आलेलं वाक्य, बदल्यात काय केलं आणि किती मिनिटं. ‘फिजिक्स’ एवढंच लिहून भागत नाही, ‘रोटेशनल मोशनची 15 गणितं’ असं लिहा. उदाहरणार्थ: ‘रात्री 8:10, टेस्टमधल्या चुका तपासणं, मार्क बघून पोटात गोळा, रील 50 मिनिटं.’ अशा बारा-पंधरा ओळी झाल्या की क्रमांक घालून चॅटबॉटला द्या आणि सोबत लिहा:

‘निदान नको, सल्लाही नको. यात पुन्हा पुन्हा काय येतंय ते नोंदींचे क्रमांक देऊन सांग. नोंदीत नाही ते गृहीत धरू नकोस. तुझा अंदाज कोणत्या नोंदीला लागू पडत नाही, तेही सांग.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की सगळं एकाच साच्यात बसवलेलं, गुळगुळीत उत्तर येतं. आलेले क्रमांक वहीशी ताडून बघा. नसलेली गोष्टही तो ठामपणे सांगू शकतो. नोंदी चार-पाचच असतील तर विचारूच नका, त्यातून काहीही सूत्र निघेल.

आता बोलीचं. ‘कसंतरीच व्हायलंय’, ‘डोकं उठलंय’ हे आपल्याकडं कुणालाही कळतं. चॅटबॉट मात्र पहिल्याला अपचन आणि दुसऱ्याला डोकेदुखी समजू शकतो. बोली बदलायची गरज नाही, पुढे एक ओळ जोडा: ‘छातीत धडधड, हात गार, पेपर हातात घेतल्यावर दहा मिनिटं.’

दुसरी मोठी चूक म्हणजे टाइमटेबल मागणं. पहाटे साडेचार ते रात्री अकरा असा देखणा तक्ता मिळतो. त्यात मेसची रांग नसते, लाइट जाणं नसतं, पाणी भरणं नसतं. तिसऱ्या दिवशी तो कोलमडतो आणि अपराधीपणाची भर पडते. त्याऐवजी मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची ‘जर-तर’ योजना (अमुक झालं की तमुक करायचं, हे आधीच ठरवणं) वापरा, आणि तीही एकच: ‘मेसवरून आलो की कालच्या टेस्टमधला पहिला चुकलेला प्रश्न वहीत उतरवीन.’ सोडवायचा नाही, फक्त उतरवायचा. दोन दिवसांत जमलं नाही तर काम निम्मं करा.

आणि हो, टेन्शनबद्दल तासभर चॅट करणं हीसुद्धा चालढकलच. दहा मिनिटांचा गजर लावा. दर आठवड्याला नवीन चॅट उघडा. लांबलेल्या चॅटमध्ये जुन्या गोष्टी निसटतात, नाहीतर मागचाच निष्कर्ष चिकटून राहतो. नाव, रोल नंबर, रूममेटच्या भानगडी लिहू नका. फोन भावाबहिणीत सामाईक असेल तर हिस्टरी पुसा.

‘मला डिप्रेशन आहे का?’ हा प्रश्न चॅटबॉटसाठी नाही. डिप्रेशनची लक्षणं विचारणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली तो भरून घेईल, पण तिच्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असतात आणि गुण केवळ चाळणीपुरते. निदान डॉक्टरच करतात. झोप, जेवण आणि अभ्यास दोन आठवडे बिघडलेलं असेल, तर लातूर, नांदेड, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागात जा. सात दिवसांची ती वही सोबत न्या, डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

त्या प्रश्नावलीच्या नवव्या प्रश्नात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार विचारलेले असतात. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून काहीही असेल, तर चॅट तिथंच बंद करून रूममेटला उठवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.