बास उतरवा, मग शब्द ऐका

मी मालवणातला साउंडवाला. गणपती, शिमगा, हळद, शाळेचं गॅदरिंग, जत्रेत दशावताराला दोन माईक, असली कामं. मंडळाची पोरं पेनड्राईव्ह आणून देतात, त्यात हल्ली दर चार गाण्यांमागे एकात धूर, माल नाहीतर पुडी, म्हणजे नशा असतेच. मग आईबापांपैकी कोणीतरी स्टेजमागे येऊन मला म्हणतं, "असली गाणी लावू नकोस हां."

मी न लावून काय होतंय? पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने 2019 मध्ये पोलिसांना सांगितलं, की दारू, ड्रग्ज आणि हाणामारीचं गुणगान करणारी गाणी कार्यक्रमात वाजता कामा नयेत. ठीक आहे, स्टेजवर पोलीस उभा राहील. पोराच्या कानातल्या इअरबडपाशी कोण उभं राहणार? तेव्हा बंदीचा नाद सोडा आणि एकदा पोरांबरोबर बसून ती गाणी ऐका. कशी ऐकायची, ते सांगतो. घरी जमेल, वर्गात जमेल, मंडळाच्या मांडवात तर उत्तमच.

आधी वेळ बघा. जेवताना नको, आणि रिझल्टच्या दिवशी तर नकोच नको. मखराची कामं चालू असतात ती रात्र चांगली, किंवा कुडाळ स्टेशनला कोणाला आणायला जाताना गाडीत. हात कामात आणि नजर दुसरीकडे असली की पोरं बोलतात. गाणं त्यांनाच निवडू द्या. पहिल्यांदा वाजेल तेव्हा तोंड वाकडं करायचं नाही, "आमच्या वेळी" ने सुरू होणारं वाक्य तर काढायचंच नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलला लो, मिड, हाय अशी बटणं असतात. मी लो, म्हणजे बास, पूर्ण खाली आणतो, सब (नुसत्या बासचा मोठा स्पीकर) बंद करतो आणि मिड थोडा वर घेतो. छातीवर बसणारा धक्का गेला की मागे उरतो एक माणूस, बडबडणारा. मिक्सर नसेल तर ब्लूटूथ स्पीकर काढा आणि फोनच्याच स्पीकरवर लावा. त्या टिचभर स्पीकरातून बास येतच नाही, काम आपोआप होतं. मग गाणं थांबवा आणि शब्द मोठ्याने वाचायला लावा, पेपरातली बातमी वाचावी तसे, चाल न लावता. पंजाबी असेल तर अर्थ शोधून वाचा; जे गाणं तोंडपाठ असतं त्यातलं अर्धं पोरांना कळलेलंच नसतं. आधी सगळी खिदळतात. तिसऱ्या ओळीला कोणीतरी म्हणतंच, "काका, ह्येच्यात काय अर्थच नाय."

अर्थ नाही हे खरं, पण कारागिरी आहे, तीही दाखवा. ड्रॉप म्हणतात ना, तिथे ताल क्षणभर थांबतो, सगळं गप्प होतं, आणि मग बास एकदम कोसळतो. अंगावर काटा येतो तो तिथे. नशेचा शब्द बऱ्याचदा नेमका त्याच्या आधी किंवा त्याच्यावर बसवलेला असतो. मजा ड्रॉपची, नाव शब्दाचं. आता लो परत वर घ्या आणि तेच गाणं पुन्हा वाजवा. पोरं नाचतील, नाचू द्या. पण सांधा कुठे मारलाय हे आता त्यांना दिसलेलं असतं.

दुसरं काम वहीचं. पोराच्या आवडीची दहा गाणी घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: पैसे कोणी दिले? घरी गाडी कोणी चालवली? ओकारी कोणी पुसली? सोमवारी काय झालं? आणि "नको" कोण म्हणालं? शेवटचा रकाना रिकामाच राहतो. अमेरिकेत 2005 सालच्या सगळ्यात गाजलेल्या 279 गाण्यांचा अभ्यास झाला होता. त्यातल्या साधारण एक तृतीयांश गाण्यांत दारू, तंबाखू किंवा ड्रग्ज होते. अशा गाण्यांपैकी दोन तृतीयांशांहून थोडी जास्त गाणी तोट्यापेक्षा फायदाच जास्त दाखवत होती: मित्र, पैसा, पोरी, रुबाब. आणि पुढे केलेली वस्तू कोणी नाकारतंय असं गाणं एकही नव्हतं. म्हणजे हो कसं म्हणायचं, हे पोराला शेकडो चालींत पाठ. नाही कसं म्हणायचं, याची एक चाल नाही.

ती चाल पोरांकडूनच करून घ्या. ह्या सगळ्यात माझा सर्वात आवडता भाग हाच. मी कराओके ट्रॅक लावतो आणि सांगतो, ह्याच बीटवर गाण्यात नसलेल्या माणसाचं कडवं लिहा. कोणी बहिणीचं लिहितं, कोणी गाडीवाल्याचं. नववीतल्या एकाने लिहिलं होतं, "माका नको, सकाळी होडयेर जावचा आसा." बस, एवढंच धृपद. सगळा मांडव ते म्हणत होता. ओळ चांगली का आहे बघा: छोटी आहे, समोरच्याला शिकवत नाही, कारण खरं आहे, आणि इज्जत जात नाही. "ड्रग्ज वाईट असतात" असं कुठलंच पोर मित्राला सांगत नाही. सकाळची होडी, टूर्नामेंट, बाबा दारात जागे बसतील, असलं काहीतरी प्रत्येकाकडून काढून घ्या आणि तालावर म्हणवून घ्या. तालावर बसलेलं ऐनवेळी तोंडात येतं.

सिनेमातलं गाणं असेल तर त्याला त्याची गोष्ट परत जोडून द्या. 1971 च्या 'हरे रामा हरे कृष्णा'तलं 'दम मारो दम' मी अजून वाजवतो, पन्नाशीचे लोक हात वर करून नाचतात. देव आनंदने तो सिनेमा काढला काठमांडूतल्या हिप्पींत हरवलेल्या बहिणीचा, आणि ती बहीण शेवटी वाचत नाही. आशाबाईंचा आवाज आणि आरडींची गिटार लोकांनी घरी नेली, बहीण थेटरातच राहिली. आपल्याकडे तरी वेगळं काय? गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 मध्ये रंगभूमीवर आलं, नाटक सिंधू-सुधाकरच्या सर्वनाशाचं, पण हशा घेऊन जातो तो तळीराम. तेव्हा विचारा, गाणं संपल्यावर पुढच्या सीनला काय होतं? कॉलेजच्या पोरांसाठी 'उडता पंजाब' आहे. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कटवर तो सोडला. सर्टिफिकेट 'ए' आहे, शाळकऱ्यांना नको. त्यात नशेची गाणी म्हणणाऱ्या गायकाला तुरुंगात त्याचेच दोन चाहते भेटतात, पैशासाठी आईला मारून आत आलेले. तो सीन दाखवा आणि गप्प बसा.

खोटं मात्र बोलू नका. तारकर्लीच्या स्टॉलवर जमैकाच्या बॉब मार्ली ह्या गायकाचा टीशर्ट मिळतो, मागे गांजाचं पान छापलेलं. "हा गांजा ओढून मेला" असं तुम्ही ठोकून द्याल, पोरगा फोनवर बघेल, आणि तुमची पत संपली. मार्ली 1981 मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला तो त्वचेच्या कॅन्सरने. त्याच्या रास्ताफारी पंथात गांजा धार्मिक मानतात, हेही खरंच. त्यापेक्षा सांगा, की 1976 च्या 'वॉर' गाण्याचे शब्द इथिओपियाच्या सम्राटाने संयुक्त राष्ट्रांत 1963 मध्ये केलेल्या भाषणावरून घेतलेत, वंशभेदाविरुद्धच्या. टीशर्टवर ते कोणी छापत नाही.

"सगळेच घेतात" ह्यालाही आकड्याने उत्तर द्या. एम्सने केलेलं देशभराचं सर्वेक्षण 2019 मध्ये आलं. दहा ते पंच्याहत्तर वयाच्या लोकांत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले 2.8 टक्के, दारू घेणारे 14.6 टक्के. आणि हळदीत ग्लास डोक्यावर ठेवून नाचणाऱ्या काकांनी रॅपवर भाषण द्यायला येऊ नये, एवढी माझी विनंती. वहीच्या रकान्यात त्यांचीही गाणी घ्या.

ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीकडच्या किनाऱ्यावर, कर्दे, लाडघर, केळशी अशा ठिकाणी, चरसची पाकिटं वाहून आली. आमच्याकडे फोनवर त्याचे विनोद फिरले, ते गाण्याच्याच सुरात. विनोद ऐकून घ्या आणि कायदा सांगा: 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात एक किलोहून जास्त चरस म्हणजे व्यापारी प्रमाण, शिक्षा किमान दहा वर्षं. असं पाकीट दिसलं तर हात लावायचा नाही, व्हिडिओ काढत बसायचं नाही, 112 ला फोन.

गाणं ऐकतो म्हणून पोराचे खिसे तपासू नका, गाणं हा पुरावा नव्हे. झोप उलटी झाली, पैसे गायब होऊ लागले, क्रिकेटला जाणं सुटलं, जुने मित्र एकदम नकोसे झाले, तर मात्र बोला. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन 14446, फोन फुकट. पोलीस पकडतील ह्या भीतीने लोक लपवतात. पण स्वतः घेणारा, थोड्या प्रमाणात सापडलेला माणूस आपणहून उपचाराला गेला, तर खटल्यापासून संरक्षणाची तरतूद त्याच कायद्याच्या कलम 64 अ मध्ये आहे. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात.

हे सगळं झाल्यावर मंडळाची यादी पोरांनाच परत करायला सांगा. ती दोन-तीन गाणी काढतील, बाकीची ठेवतील. ठेवलेल्यांवर वाद घालू नका. मीही घालत नाही, फक्त त्यांचं मालवणी कडवं रेकॉर्ड करून त्याच पेनड्राईव्हमध्ये टाकतो, मधोमध.