वाढदिवसाला चमकी स्लाईम करताय? या चुका टाळा

स्लाईम बिघडलं की लोक आधी गमला नावं ठेवतात, मग दुकानदाराला. मी परभणीत उन्हाळी शिबिरांत आणि वाढदिवसांना लेकरांकडून चमकी स्लाईम करून घेते, आणि दर मोसमात त्याच त्या चुका बघते. त्यातल्या दोन मला सगळ्यात जास्त सलतात: चुकीची पांढरी पूड आणणं आणि टाकणाचं (बोरॅक्सचं) पाणी एकदम ओतणं. त्यांच्यावर सविस्तर लिहिते. बाकीच्या चुका सावरता येतात.

आधी आत काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. शाळेत वापरतात त्या पांढऱ्या किंवा पारदर्शक गममध्ये पीव्हीए असतं, म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, पाण्यात विरघळला की त्यातले बोरेट या साखळ्यांना जागोजागी एकमेकींत अडकवतात. बेताचे जोड पडले तर ओढलं की लांबणारा गोळा मिळतो. फार पडले तर रबर होतं, आणि पाणी बाजूला सुटतं.

पांढरी पूड बघून घ्या

नांदेडमध्ये एका वाढदिवसाला गेले तेव्हा लेकरं सतरंजीवर वाट्या घेऊन बसली होती आणि वाट्यांमधला गम पाण्यासारखा पातळच होता. मुलाची आई रडकुंडीला आली होती. "ताई, घट्टच होईना गेलंय बघा. अख्खी पुडी संपली." मी विचारलं, कुठून आणलं? "मोंढ्यातून. खार द्या म्हणलं, त्यांनी दिला."

तो पापडखार होता. उन्हाळा तोंडावर आला की आपल्याकडे घराघरांत पापड, कुरडया, खारोड्या सुरू होतात. त्या दिवसांत कोणी नुसतं "खार द्या" म्हणालं तर किराणा दुकानदार दुसरं काय देणार? पापडखाराचं पाणी कितीही ओतलं तरी स्लाईम होत नाही, कारण बोरेट ज्यापासून बनतं ते बोरॉनच त्यात नाही. त्या दिवशी माझ्या पिशवीत टाकणाच्या पाण्याची बाटली होती म्हणून वेळ निभावली, पण लेकरांचा निम्मा उत्साह तोवर संपला होता. याचं मला फार वाईट वाटतं. मोठ्यांनी पूड तपासली नाही आणि लेकरांना वाटलं की आपल्यालाच जमत नाही.

काष्ठौषधीच्या दुकानात जा आणि पूर्ण नाव घेऊन "टाकणखार" मागा. सोनार डाग देताना वापरतात तोच हा. सवागी म्हटलं तरी जुन्या दुकानदारांना कळतं. घरी आणल्यावर माझी पद्धत अशी. चिमूटभर पुडीवर लिंबू पिळायचं. फसफसलं तर तो पापडखार, खायचा सोडा किंवा धुण्याचा सोडा, बाजूला ठेवा. फसफसलं नाही तर दुसरी चिमूट पाण्यात विरघळवून त्यात जराशी हळद टाकायची. पाणी लालसर तपकिरी झालं तर टाकणखार. पिवळंच राहिलं तर तुरटी असेल किंवा बोरिक पावडर. या कामाला दोन मिनिटंही लागत नाहीत, तरी कोणी करत नाही.

बोरिक पावडरचं वेगळं सांगते, कारण कॅरमची पावडर घेऊन बसणारे मला वारंवार भेटतात. बोरिक पावडर म्हणजे बोरिक आम्ल. नुसत्या तिच्यानं स्लाईम धड जमत नाही, खायचा सोडा घालून ते पाणी अल्कलीकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, न्यावं लागतं. शिवाय कॅरमची म्हणून मिळणारी प्रत्येक पावडर बोरिकच असेल याचा भरवसा नाही. कॉन्टॅक्ट लेन्सच्या पाण्याची युक्तीही हीच आहे: त्या पाण्यात बोरिक आम्ल असेल तर सोड्यासोबत चालतं, नसेल तर नाही. तिला "बोरॅक्सशिवाय" म्हणून बिनधोक समजू नका, बोरॉन तिच्यातही असतोच. कपडे धुण्याच्या लिक्विडनं स्लाईम करायचे व्हिडिओ परदेशातल्या साबणांवर बेतलेले असतात, आपल्याकडच्या बाटलीवर त्यांचा हिशेब लावू नका. शाम्पू-मिठाचं आणि टूथपेस्टचं स्लाईम मी धरतच नाही, तो नुसता चिकट लगदा.

पाणी ओतायची घाई

मे महिना होता. केक यायला वेळ होता, आणि तोवर लेकरांना गुंतवा म्हणून मला लवकर बोलावलेलं. मी एकेका वाटीत चमचा चमचा पाणी घालत होते. वाढदिवसाच्या मुलाच्या मामांना ते बघवेना. "ताई, लेकरं कवाची वाट बघायलेत, द्या इकडं," म्हणत त्यांनी टाकणाच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि मोठ्या पातेल्यातल्या गमवर सगळा रिकामा केला. डोळ्यांदेखत गमच्या गाठी झाल्या. वर पाणी तरंगलं, खाली टणक गोळा बसला, आणि चमकी सगळी त्या पाण्यात. मामांनी तो गोळा ओढला तर तटकन तुटला. तेवढा गम पुन्हा आणायला रविवारी दुपारी दुकान उघडं नव्हतं.

घाई करणाऱ्यांना मी एकच गोष्ट परत परत सांगते: स्लाईम वाटीत होत नाही, हातात होतं. पाणी घातल्यावर पहिल्या मिनिटाला ते चिकट आणि ओबडधोबडच दिसतं. बोरेट सगळीकडे सारखं पसरायला वेळ लागतो. तेव्हा त्याला आणखी पाणी नको असतं, कणकेसारखं मळून घ्यायचं असतं. तीन-चार मिनिटं मळलं की त्याच मिश्रणाचा चिकटपणा आपोआप जातो. मामांना ती चार मिनिटं थांबायचं नव्हतं.

माझं प्रमाण लिहून ठेवा. एक कप गरम पाण्यात एक सपाट चहाचा चमचा टाकणखार, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचा, मग कोमट होऊ द्यायचा. दुसऱ्या भांड्यात १०० मिली गम आणि तेवढंच साधं पाणी. त्यात टाकणाचं पाणी एकेक मोठा चमचा घालायचं आणि प्रत्येक चमच्यानंतर नीट ढवळायचं. साधारण ५० ते १०० मिली लागतं, गमप्रमाणे कमी-जास्त होतं. भांड्याची कड सुटायला लागली की ओतणं बंद. उरलेला चिकटपणा घालवायला तळव्यांना दोन थेंब लावायचे आणि मळायचं. भांड्यात आणखी ओतायचं नाही.

जास्त झालंच तर गोळ्याचे लहान तुकडे करून कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग थोडं बॉडी लोशन किंवा ग्लिसरीन लावून मळा. थोडं बिघडलेलं यानं सुधारतं. मामांच्या पातेल्यातलं सुधारलं नाही.

तांब्या, पेला आणि पाण्याची बाटली

त्याच तांब्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. टाकणाचं पाणी दिसायला हुबेहूब पिण्याच्या पाण्यासारखं असतं, त्याला वासही नसतो. आपल्याकडच्या मे महिन्यात लेकरू खेळून आलं की समोर दिसेल तो पेला तोंडाला लावतं. एका घरी मी एका मुलीच्या ओठांपासून पेला हिसकावून घेतला आहे. तेव्हापासून मी हे पाणी फक्त निमुळत्या तोंडाच्या सॉसच्या बाटलीत भरते, त्यात निळा रंग टाकते आणि बाटली माझ्या हातात ठेवते. टाकणाचं पाणी मोठ्यांनीच घालायचं. लेकरांनी रंग घालावा, चमकी घालावी, मळावं. मजा त्यातच आहे.

इथं आजी हमखास म्हणतात, "अगं, टाकणाची लाही मधात घालून आम्ही लेकरांच्या तोंडाला लावायचो." आजींचा मान राखून सांगते, त्या आठवणीच्या जोरावर टेबलावर ढिलाई नको. बोरॉनचे क्षार पोटात गेले तर अपाय करतात. युरोपात तर चिकट खेळण्यांमधून बाहेर पडणाऱ्या बोरॉनला किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना स्लाईम देऊ नका. हातावर जखम असेल तर त्या दिवशी नुसतं बघू द्या. खेळून झाल्यावर सगळ्यांचे हात साबणानं धुवून घ्या.

म्हणूनच केकच्या आधी स्लाईम ठेवायला मी आता सरळ नकार देते. आधी केक, मग खाणं, शेवटी स्लाईम, आणि जाताना ज्याचं त्याचं डबीत. यजमानांना हे पटायला वेळ लागतो, पण स्लाईमच्या हातांनी वेफर्स खाणारी लेकरं बघायची माझी तयारी नाही.

चमकीच्या तक्रारी

"चमकी दिसतच नाही" ही तक्रार पांढरा गम वापरणाऱ्यांची. पांढऱ्यात चमकी बुडून जाते. ती उठून दिसायला पारदर्शक गमच लागतो, आणि तो पीव्हीएचाच हवा. बाटलीवर लिहिलेलं नसेल तर आदल्या दिवशी एक चमचा गम घेऊन त्यावर टाकणाच्या पाण्याचे थेंब टाकून बघा. पारदर्शक स्लाईम बुडबुड्यांमुळे आधी धुरकट दिसतं. झाकण लावून एक-दोन दिवस ठेवलं की काचेसारखं होतं, म्हणून मी काही डब्या आधीच करून नेते. बोअरच्या जड पाण्यानंही गढूळपणा येतो, त्यासाठी जारचं पाणी घ्या.

चमकी गम आणि पाणी कालवल्यावर, पण टाकणाचं पाणी घालायच्या आधी घाला. १०० मिली गमला एक ते दोन चहाचे चमचे पुरेत, जास्त घातली तर गोळा तुटका होतो आणि खेळताना चमकी गळते. स्वस्त चमकीचा रंग सुटतो आणि लेकरांचे हात गुलाबी होतात. आधी चमचाभर कोमट पाण्यात भिजवून पाहा. रांगोळीतली जाड चमकी आणू नका, ती टोचते.

आणि पुडी उघडण्याआधी पंखा बंद करा. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण पंख्याखाली उडालेली चमकी डोळ्यांत जाते. गेलीच तर चोळू देऊ नका, स्वच्छ पाण्यानं धुवा. सांडलेली झाडूनं पांगवू नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या. साधी चमकी म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर चढवलेला धातूचा मुलामा, ती कुजत नाही. युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली आहे. मी चमकी सोडलेली नाही, पण मोजून वापरते आणि हात धुतलेलं चमकीचं पाणी अंगणातल्या झाडांना घालू देत नाही.

हळदीचा रंग

वसमतकडच्या एका आईनं घरच्या शेतातली हळद हौसेनं आणली होती, पिवळं नैसर्गिक स्लाईम करायला. टाकणाचं पाणी पडताच वाटी विटकरी लाल झाली आणि लेकरू हिरमुसलं. हळद अल्कलीत लाल होते. पारंपरिक कुंकू हळदीला टाकणखार किंवा चुना लावूनच करतात. पिवळं हवं असेल तर खाण्याचा पिवळा रंग वापरा, तोही दोन थेंब. लाल हवं असेल तर हळद जरूर टाका, लेकरांना तो बदल बघायला फार आवडतो.

ऊन आणि थंडी

टाकणानं पडलेले जोड उष्णतेनं सैल होतात. मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीत चांगलं जमलेलं स्लाईमही ओघळतं. अशा वेळी लोक आणखी टाकणाचं पाणी घालतात आणि संध्याकाळी त्याचं रबर होतं. घालू नका. डबी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. डिसेंबरात उलटं होतं. टाकणाचं पाणी जास्त दाट झालं असेल तर परभणीच्या थंडीत बाटलीच्या तळाशी टाकणाचे खडे बसतात आणि वरचं पाणी कमजोर पडतं. बाटली गरम पाण्यात धरून हलवा, खडे विरघळले की मग वापरा.

झाकण सैल राहिलं तर आपल्या कोरड्या हवेत स्लाईम कडक होतं. वास यायला लागला किंवा ठिपके दिसले तर टाकून द्या, धुवून पुन्हा वापरू नका.

सतरंजीला किंवा केसांना चिकटलं तर आधी पांढरं व्हिनेगर लावा. आम्लानं बोरेटचे जोड सुटतात आणि गोळा पातळ होतो. पाच मिनिटांनी कोमट पाणी आणि साबण. केस ओढू नका, कापू तर मुळीच नका. रेशमी साडी किंवा जरीवर मात्र घरी प्रयोग नको, वाळू द्या, अलगद खरवडा आणि ड्रायक्लीनवाल्याकडे द्या. उरलेलं स्लाईम बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतायचं नाही, पाइप तुंबतो. जुन्या कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका, आणि उरलेल्या टाकणखाराच्या पुडीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून ती पापडखाराच्या डब्यापासून लांब, वरच्या फळीवर ठेवा.