उन्हाळ्यात टाकाऊ फळे-भाजीपाला गव्हाणीत घालताना

हिरवा चारा आटू लागला की कोबी-फ्लॉवरची पाने, वाटाण्याची टरफले, रस काढून उरलेला चोथा यांची आठवण होते. जरूर वापरा. हा माल उकिरड्यावर कुजताना पाहिला की जीव हळहळतो, कारण वाटाण्याची टरफले आणि फ्लॉवरचा पाला वाळवून तोलला तर त्यात 15 टक्क्यांहून जास्त प्रथिने भरतात. फक्त घमेले भरून गव्हाणीत ओतायची घाई करू नका.

आधी पाण्याचा हिशोब मांडा. कोबीच्या 10 किलो पानांत कोरडा भाग जेमतेम 1 किलो असतो, टोमॅटो-काकडीत त्याहूनही कमी. चारशे किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला 10 ते 12 किलो कोरडा भाग लागतो. म्हणजे पंधरा किलो कोबी खाऊनही तिची भूक दीड किलोच भागली. पोट तुडुंब दिसते आणि दूध मात्र खाली येते, ते यामुळे. कडबा किंवा भुसा कधीच बंद करू नका. लांब धाग्याच्या वैरणीवरच रवंथ नीट होतो आणि रवंथ करताना सुटणारी लाळ पोटातले आम्ल शमवते.

हे आम्लाचे प्रकरण गोड फळांत जिवावर बेतते. पिकलेली केळी, द्राक्षे, आंबा यांतली साखर कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, झपाट्याने आंबते. जनावर वैरणीला तोंड लावत नाही, शेण पातळ आणि आंबूस येते, डोळे खोल जातात. म्हणून मोठ्या जनावराला गोड फळे दिवसाला 3-4 किलोंपुरती, पाला 10-12 किलोंपर्यंत, शेळी-मेंढीला सगळे मिळून किलोभर. पहिल्या दिवशी यातला थोडाच भाग द्या आणि 10 ते 15 दिवसांत हळूहळू वाढवा. पोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. आधी कोरडी वैरण, मग हा माल, तोही दोन वेळांत विभागून. कोबीवर्गाचा पाला धार काढून झाल्यावर घाला, म्हणजे दुधाला वास लागत नाही. सोबत नेहमीचे खनिज मिश्रण चालू ठेवा.

बटाटा, सफरचंद, बीट, गाजर, आंब्याची कोय अख्खी कधीही टाकू नका. बटाटा अन्ननलिकेत अडकलेली गाय मी पाहिली आहे: मान ताणलेली, तोंडातून लाळेच्या तारा, आणि बघता बघता डावी कूस ढोलासारखी फुगलेली, कारण ढेकर बाहेर पडायला वाटच उरत नाही. अशा वेळी काठीने ढकलू नका, घशात तेल-पाणी ओतू नका, लगेच पशुवैद्यक बोलवा. कापताना गोल चकत्यांऐवजी लांब, पातळ फोडी करा.

काही गोष्टी घालूच नयेत. हिरवट आणि कोंब फुटलेले बटाटे विषारी असतात. कांदा रोज भरपूर खाल्ला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर-तपकिरी होते, आणि हा त्रास शेळीपेक्षा गाईला लवकर होतो. बुरशी लागलेला माल वरचा भाग काढूनही देऊ नका. बुरशीचे विष दुधात उतरते आणि दूध उकळूनही जात नाही. ढिगात हात घालून बघा. आत ऊब लागली, की माल आंबायला लागला आहे असे समजा. नुकती फवारणी झालेल्या शेतातला पाला नको. आणि पिशव्या, रबर, सुतळी, तारेचे तुकडे हाताने निवडून काढा. एवढीशी तार जाळीपोटातून, म्हणजे हृदयालगतच्या पोटाच्या कप्प्यातून, थेट हृदयापर्यंत जाऊ शकते.

माल एकदम खूप आला तर मुरघास करा, म्हणजे हवाबंद दाबून आंबवून टिकवलेला चारा. उन्हाळ्यात हाच खरा आधार. पाला आणि फळांचा चोथा बारीक कापून 7 किलोला 3 किलो कोरडी कुट्टी (बारीक कापलेली वाळकी वैरण) घाला. नुसता ओला पाला दाबला तर पाणी सुटून सडतो. कुट्टी ते पाणी शोषते. मिसळलेला माल मुठीत घट्ट दाबा. गोळा टिकला आणि बोटांतून पाणी गळले नाही, तर ओल बरोबर आहे. पाणी गळले तर आणखी कुट्टी मिसळा. मग जाड पिशवीत किंवा पिंपात थराथराने, हवा राहणार नाही इतके पायाने तुडवून भरा आणि तोंड पक्के बांधा. उंदराने पिशवीला एक भोक पाडले तरी आजूबाजूचा मुरघास काळा पडतो, म्हणून ती जमिनीपासून उंच ठेवा.

महिना-दीड महिन्याने उघडा. चांगल्या मुरघासाला आंबटगोड वास येतो, रंग पिवळसर हिरवा असतो. घाण वास, चिकटपणा किंवा पांढरी बुरशी दिसली तर तो मुरघास फेकून द्या, गाभण जनावराच्या पुढे तर मुळीच जाऊ देऊ नका. एकदा तोंड उघडले की रोज वरचा थर सरळ काढत जा आणि लगेच पुन्हा बांधा. दोन-तीन जनावरेच असतील तर मोठ्या पिंपापेक्षा लहान पिशव्या भरा. उघडलेली पिशवी तीन-चार दिवसांत संपायला हवी.