रेपो दर घटल्यानंतर आपल्या गृहकर्जाचा आढावा कसा घ्यावा

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर, म्हणजे सव्वा टक्क्याने खाली आणला. मात्र अशा कपातीचा लाभ सर्व कर्जदारांना सारख्याच वेगाने मिळत नाही आणि जुन्या पद्धतीच्या कर्जात तर तो बहुधा स्वतः पाठपुरावा केल्यावरच पूर्णपणे पदरात पडतो.

सर्वप्रथम मंजुरीपत्र काढून आपले कर्ज कोणत्या दराशी जोडलेले आहे, ते पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य मानक दराशी, म्हणजे बँक स्वतः ठरवत नाही अशा दराशी, जोडणे बंधनकारक असून, त्यांचा व्याजदर किमान तीन महिन्यांतून एकदा सुधारला जातो. त्याआधीचे कर्ज ‘एमसीएलआर’ किंवा ‘बेस रेट’ या बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरांच्या पद्धतीत असू शकते आणि तिथे कपात उशिरा व अपुरी उतरते. असे कर्ज बाह्य मानक दरावर वळवण्यासाठी शाखेत लेखी अर्ज करावा. मुदतपूर्व फेडीचे शुल्क ज्यांना लागू नाही, अशा कर्जदारांकडून या बदलासाठी वाजवी प्रशासकीय व कायदेशीर खर्चाखेरीज काही आकारता येत नाही. गृहवित्त कंपन्यांवर मात्र बाह्य मानक दराचे बंधन नाही, त्यामुळे त्यांच्या कर्जदारांनी अधिक दक्ष राहावे.

त्यानंतर बँकेकडून कर्जाचे ताजे विवरणपत्र घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक व्याजदर यांची माहिती दर तिमाहीला मिळणे हा कर्जदाराचा हक्क आहे. यात उरलेल्या हप्त्यांचा आकडा विशेष काळजीने तपासावा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली गेली होती. ती वाढलेली वर्षे आता कमी होऊ लागली आहेत की नाहीत, हे याच आकड्यावरून समजते.

खरा निर्णय पुढे आहे: हप्ता कमी करावा की मुदत? समजा, ५० लाख रुपयांचे कर्ज २० वर्षे फेडायचे आहे आणि दर साडेआठवरून साडेसात टक्क्यांवर आला. हप्ता ४३,३९१ रुपयांवरून ४०,२८० रुपयांवर आणला, तर दरमहा सुमारे तीन हजार रुपये हाती उरतात. जुनाच हप्ता चालू ठेवला, तर मात्र कर्ज जवळपास तीन वर्षे आधी फिटते आणि कमी हप्त्याच्या पर्यायापेक्षा एकूण सुमारे आठ लाख रुपयांचे व्याज वाचते. घरखर्चाची खरोखरच ओढाताण होत नसेल, तर हप्ता तसाच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बँकेने परस्पर कोणता पर्याय लागू केला आहे, तेही विचारून घ्यावे आणि आपली निवड लेखी कळवावी.

नव्या ग्राहकांना आपल्यापेक्षा कमी दर मिळत असेल, तर हा फरक बहुधा मानक दरावर लावलेल्या अधिभारातला, म्हणजे ‘स्प्रेड’मधला असतो. सिबिल गुणांक, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे पतगुण, सुधारला असल्यास त्या आधारे आधी आपल्याच बँकेकडे दर कमी करण्याची मागणी करावी. ती मान्य झाली नाही, तरच कर्ज दुसरीकडे हलवण्याचा विचार करावा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. परंतु प्रक्रिया शुल्क, मुद्रांक शुल्क, कायदेशीर तपासणी आणि मालमत्तेचे मूल्यांकन हा खर्च उरतोच. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जात असल्याने तेव्हा केलेले स्थलांतर फायद्याचे ठरते, तर शेवटच्या चार-पाच वर्षांत ते क्वचितच परवडते.

लेखी अर्जाची पोच जपून ठेवावी. तक्रार करूनही बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते आणि तिथे हीच पोच पुरावा म्हणून जोडता येते.