लांबच्या सागरी सफरीसाठी क्रूझ कंपनी कशी निवडावी

आठवडाभराच्या क्रूझसाठी कोणतेही जहाज निवडले तरी फारसे बिघडत नाही. सात दिवसांत नवलाईच ओसरत नाही. जेवणाला रोज तीच चव आहे किंवा केबिनमध्ये बॅगा ठेवायला जागा नाही, हे लक्षात येईपर्यंत उतरायची वेळ झालेली असते. महिना-दोन महिने किंवा जगाला वळसा घालणारे शंभर-सव्वाशे दिवस समुद्रावर काढायचे असतील, तर मात्र सगळा हिशेब बदलतो. तेव्हा माणूस जवळजवळ बिऱ्हाडच हलवत असतो, आणि घर घेताना जसे पाणी, शेजार, आवाज आणि करारातली बारीक अक्षरे पाहतो, तसेच जहाजाच्या बाबतीतही पाहावे लागते. जाहिरातीतल्या उंच घसरगुंड्या विसाव्या दिवशी फारशा कोणाच्या कामाला येत नाहीत.

प्रथम कंपनी कोणाची आहे ते पाहावे. या बाजारात नावे पुष्कळ असली, तरी मालक मोजके आहेत. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्यूनार्ड आणि कोस्टा ही सारी कार्निव्हल कॉर्पोरेशनची भावंडे आहेत. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी एका समूहात मोडतात, तर नॉर्वेजियन, ओशियानिया आणि रीजंट दुसऱ्या. एमएससी ही जिनिव्हातल्या एका कुटुंबाच्या मालकीची आहे. या समूहांनी आपली नावे गिऱ्हाइकाच्या वयानुसार आणि ऐपतीनुसार वाटून घेतली आहेत. त्यामुळे ‘कार्निव्हलचे नाव नको’ म्हणून क्यूनार्डकडे वळणाऱ्याचे पैसे शेवटी त्याच तिजोरीत जातात, पण जहाजावरचे आयुष्य मात्र पूर्णपणे वेगळे असते. लांब सफरी मुख्यतः हॉलंड अमेरिका, क्यूनार्ड, प्रिन्सेस, ओशियानिया, रीजंट, सिल्व्हरसी आणि व्हायकिंग यांच्याकडे मिळतात, म्हणून शोध तिथून सुरू करणे सोयीचे ठरते.

मालकीचा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. जानेवारी २०२२ मध्ये क्रिस्टल क्रूझेसची मालक असलेली हाँगकाँगची कंपनी बुडाली, तेव्हा इंधनाच्या थकलेल्या बिलापायी जहाज जप्त होण्याची वेळ आली आणि मायामीला जाणारे ‘क्रिस्टल सिम्फनी’ बहामाकडे वळवण्यात आले. प्रवाशांना तिथून फेरीबोटीने फ्लोरिडाला आणावे लागले. पुढच्याच वर्षी तीन वर्षांच्या एका जगप्रदक्षिणेची तिकिटे विकली गेली, पण ज्या जहाजावर ती व्हायची ते विकत घेणेच आयोजकांना जमले नाही आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, निघण्याची तारीख तोंडावर असताना, सफर रद्द झाली. तोवर काहींनी राहती घरे विकली किंवा भाड्याने दिली होती. म्हणून ज्या जहाजाचे तिकीट आपण घेत आहोत ते आज पाण्यावर आहे का, ते कंपनीच्या ताब्यात आहे का, आणि कंपनी बुडाल्यास आपले पैसे कोणत्या हमीखाली परत मिळतील, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. गुळमुळीत उत्तर आले, तर तिथेच थांबावे.

त्यानंतर मार्ग. बहुतेक लोक बंदरांची नावे मोजतात. मी आधी समुद्रातले दिवस मोजतो. साठ दिवसांच्या सफरीत तीस दिवस जमीन दिसणार नसेल, तर ते तीस दिवस तुम्हाला आवडणार आहेत का, याचे उत्तर फक्त तुम्हीच देऊ शकता. ‘क्वीन मेरी २’ साउथहॅम्प्टनहून न्यूयॉर्कला साधारण सात रात्रींत जाते आणि वाटेत कुठेही थांबत नाही. काहींना ती शांतता व्यसनासारखी लागते, तर काही तिसऱ्या दिवशीच कठड्याला टेकून घड्याळ पाहू लागतात. हे घड्याळही पश्चिमेकडे जाताना बहुतेक रात्री एक तास मागे येते, म्हणजे झोपेला जास्तीचा तास मिळतो. पूर्वेकडे जाताना तोच तास हिरावला जातो. लांब सफरीत दिशा निवडण्याची मुभा असेल, तर वयस्कर मंडळींनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

बंदराचे नाव आणि शहराचे नाव एकच आहे, असे गृहीत धरू नये. वेळापत्रकात ‘रोम’ असे छापलेले असते, पण जहाज लागते चिव्हिताव्हेक्कियाला, तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. ‘पॅरिस’साठी ल हाव्र येथे उतरावे लागते आणि पुढे जवळपास २०० किलोमीटरचा रस्ता असतो. ‘बँकॉक’ म्हणजे बहुतेकदा लेम चाबांग, शंभर किलोमीटरहून दूर. सकाळी आठला धक्क्याला लागून संध्याकाळी पाचला सुटणाऱ्या जहाजावरून अशा शहरात जाणे म्हणजे बसच्या खिडकीतून ते पाहणे. त्यामुळे दोन कंपन्यांची वेळापत्रके शेजारी ठेवून प्रत्येक बंदरात जहाज किती तास थांबते, रात्रीचा मुक्काम कुठे आहे, आणि कुठे धक्का नसल्याने छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जावे लागते, हे कागदावर उतरवून काढावे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या छोट्या बोटीत पाय टाकणे सोपे नसते, आणि समुद्र खवळला तर अशी बंदरे सर्वांत आधी रद्द होतात.

जहाज केवढे आहे, यावरही ते कुठे जाऊ शकते हे ठरते. व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून मोठी क्रूझ जहाजे नेण्यास ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. अंटार्क्टिकात ५०० पेक्षा अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही, आणि लहान जहाजांनाही एका ठिकाणी एका वेळी १०० जणांचीच मर्यादा आहे. म्हणजे मोठ्या जहाजावरून ‘अंटार्क्टिका पाहिले’ असे म्हणता येते, तिथे पाय ठेवता येत नाही. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजांनी सुवेझऐवजी आफ्रिकेला वळसा घातला, हेही या निमित्ताने आठवावे, कारण जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या करारात मार्ग बदलण्याचा आणि बंदर गाळण्याचा अधिकार कंपनीकडे राखलेला असतो. प्रवाशाला अनेकदा त्या बंदराचे शुल्क तेवढे परत मिळते. एखाद्याच बंदरासाठी संपूर्ण सफर घेऊ नये, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

गर्दीचा अंदाज घेण्यासाठी एक सोपा भागाकार आहे. जहाजाच्या ग्रॉस टनेजला प्रवासीसंख्येने भागावे. हे टनेज जहाजाचे वजन नसते, त्याच्या आतल्या एकूण जागेचे माप असते, म्हणून येणारा आकडा माणशी किती जागा आहे ते सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे २,४८,६०० टनांचे आहे आणि केबिनमागे दोघे धरल्यास त्यावर ५,६१० प्रवासी मावतात. भागाकार ४४ येतो. ‘क्वीन मेरी २’ चा ५५ च्या आसपास, तर ९३० प्रवाशांच्या ‘व्हायकिंग स्टार’चा ५१ च्या आसपास. मात्र या आकड्यावर आंधळेपणाने विसंबू नये: शाळांच्या सुट्टीत एकेका केबिनमध्ये चौघे राहतात आणि आयकॉनवरची माणसे ७,६०० पर्यंत जाऊ शकतात, तेव्हा भागाकार ३३ वर घसरतो. व्हायकिंगच्या जहाजांवर अठरा वर्षांखालील प्रवासी घेतलेच जात नाहीत आणि कॅसिनोही नसतो. काहींना हे वरदान वाटेल, नातवंडांना घेऊन निघणाऱ्यांना अर्थातच नाही.

केबिनच्या निवडीत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. पहिल्या लांब सफरीत मी स्वस्तात मिळाली म्हणून वरच्या डेकवरची बाल्कनीची केबिन घेतली आणि नकाशात फक्त त्याच डेककडे पाहिले. माझ्या डोक्यावर पोहण्याचा तलाव होता. रोज पहाटे पाचच्या सुमारास कर्मचारी फरशी धुऊन आरामखुर्च्या ओढत रांगेत लावीत. आधी पाण्याचा सपकारा, मग लाकडावर लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज, पुन्हा थोडी शांतता, पुन्हा तोच आवाज. सातव्या दिवशी मी स्वागतकक्षात गेलो, तर जहाज पूर्ण भरलेले होते. पुढच्या पस्तीस दिवसांत मला गजराची गरज पडली नाही. तेव्हापासून मी केबिनच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही डेकचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहतो: वर स्वयंपाकघर, तलाव किंवा व्यायामशाळा नको, खाली नाट्यगृह किंवा बार नको, शेजारच्या केबिनशी जोडणारे दार नको, लिफ्टच्या तोंडाशी तर नकोच. वरखाली दोन्हीकडे केबिनच असतील, तर झोप लागते. बोट लागणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर राहावे, कारण हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात. केबिनचा क्रमांक कंपनीने नंतर ठरवायचा, अशा बोलीवर मिळणारी सवलत छोट्या सफरीला ठीक आहे; दोन महिन्यांसाठी ती घेऊ नये.

आता कपडे, कारण याविषयी कोणी विचारत नाही आणि मग सगळेच कुरकुरतात. लांब सफरीवर दर सहा-सात दिवसांनी धुणे निघते. प्रिन्सेस, क्यूनार्ड आणि व्हायकिंगच्या जहाजांवर प्रवाशांना स्वतः वापरता येतील अशी धुलाई यंत्रे असतात. रॉयल कॅरिबियनवर ती नसतात, तिथे कपडे मोजून द्यावे लागतात. त्यात पोशाखाचे नियमही धरावेत. क्यूनार्डवर काही संध्याकाळी समारंभी पोशाख अपेक्षित असतो, म्हणजे बॅगेत सूट आणि त्यासोबतचे बूट आलेच. नॉर्वेजियनवर असले बंधन जवळजवळ नाही. नटूनथटून जेवायला जाणे ज्यांना जाच वाटते, त्यांनी हा आनंद पन्नास वेळा विकत घेऊ नये.

समुद्रातल्या एका दिवसाचे छापील कार्यक्रमपत्रक मागवून घ्यावे. जुने असले तरी चालेल. सकाळी दहा, दुपारी तीन आणि रात्री नऊ या तीन वेळांना त्यात आपण कुठे बसू, हे पेन्सिलीने खुणावून पाहावे. एका कंपनीच्या पत्रकात व्याख्यान, ब्रिजचा डाव आणि वाद्यवृंद सापडतील, दुसरीच्या पत्रकात लिलाव, बिंगो आणि दागिन्यांची विक्री. माहितीपुस्तिकेतल्या रंगीत छायाचित्रांपेक्षा हा एक कागद कितीतरी अधिक बोलतो.

भाड्याची तुलना करताना जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून दोन्हीकडचा दिवसाचा पूर्ण खर्च काढावा. मोठ्या अमेरिकी कंपन्या साध्या केबिनमागे माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर टिप आपोआप खात्यात टाकतात. दोघांच्या शंभर दिवसांच्या सफरीत १८ डॉलरच्या दरानेही ती ३,६०० डॉलर होते. त्यात इंटरनेट, पेये, किनाऱ्यावरच्या सहली आणि व्हिसा मिळवला, की ‘स्वस्त’ तिकीट बरेचदा महागात पडते. रीजंटच्या भाड्यात पेये, टिप आणि बहुतेक सहली धरलेल्या असतात. व्हायकिंग प्रत्येक बंदरात एक सहल आणि जेवणासोबतची वाइन देते. मात्र जो मद्य घेत नाही आणि बंदरात पायीच हिंडतो, त्याने इतरांच्या पेल्याचे पैसे का भरावेत? एकट्याने जाणाऱ्याला तर बहुतेक ठिकाणी जवळजवळ दोघांचे भाडे पडते. नॉर्वेजियनने २०१० मध्ये ‘एपिक’ जहाजावर एकट्यांसाठी लहान केबिन आणल्या आणि पुढे इतरांनीही तसे केले, पण त्या थोड्या असतात आणि लवकर संपतात.

प्रकृतीविषयी दोनच गोष्टी. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे बिल प्रवाशाच्या खात्यात चढते, आणि गंभीर दुखण्यात रुग्णाला जवळच्या बंदरात उतरवावे लागते. म्हणून विम्यात तातडीने हलवण्याचा खर्च आहे का आणि एका प्रवासाच्या दिवसांवर मर्यादा आहे का, हे दोन्ही वाचावे. अनेक वार्षिक पॉलिसी लांब सफरीच्या मध्यावरच संपतात. दुसरे, अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांच्या स्वच्छतेची सरकारी तपासणी होते आणि तिचे गुण जाहीर असतात. १०० पैकी ८५ किंवा त्याखाली आले, तर जहाज नापास. आपल्या जहाजाचे गेल्या तीन-चार तपासण्यांचे गुण पाच मिनिटांत पाहून होतात.

एवढे करूनही दोन कंपन्या बरोबरीच्या वाटत असतील, तर संपूर्ण जगप्रदक्षिणा लगेच घेऊ नये. अशा सफरी बहुधा टप्प्याटप्प्यांनीही विकल्या जातात, आणि त्यातला दोन-तीन आठवड्यांचा, समुद्रातले दिवस जास्त असलेला एक टप्पा घेता येतो. निघण्याच्या बंदरात आदल्या दिवशीच पोहोचावे, कारण विमानाला उशीर झाला तरी जहाज थांबत नाही. पंधराव्या दिवशी, बंदर नसताना, न्याहारीनंतर आपण काय करतो आहोत ते पाहावे. पुस्तक घेऊन ठरलेल्या खुर्चीकडे पाय आपसूक वळत असतील, तर त्याच जहाजावर पुढच्या बुकिंगसाठी असलेल्या टेबलापाशी जावे. तिथे भरलेल्या अनामत रकमेवर बहुतेक कंपन्या काही ना काही सवलत देतात.