फिलेटवरचा ताण अचूक कसा काढावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीसाठी ब्रॅकेटच्या कास्टिंगचे फाइनाइट एलिमेंट विश्लेषण (भागाचे लहान तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून संगणकावर ताण काढणे) करताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. सॉफ्टवेअर प्रथम नोडचे (एलिमेंटवरच्या ठरावीक बिंदूंचे) विस्थापन काढते आणि त्यावरून ताण काढते. त्यामुळे ज्या मेशवर (एलिमेंटच्या जाळीवर) विस्थापन समाधानकारक येते, त्याच मेशवर ताण बराच चुकलेला असू शकतो.

म्हणून चार नोडचा टेट्रा (चार पृष्ठांचा एलिमेंट) ताणासाठी वापरू नये. त्याच्या आत ताण सर्वत्र एकच राहतो आणि वाकणारा भाग आहे त्यापेक्षा ताठ भासतो. दहा नोडचा टेट्रा घ्यावा.

मेश सगळीकडे बारीक करण्याची गरज नाही. रिब (मजबुतीची पट्टी) जिथे भिंतीला मिळते, त्या फिलेटवर (आतल्या कोपऱ्याच्या गोलाईवर) एलिमेंटचा आकार दर वेळी निम्मा करत जावे. समजा, 2 मिमीला 142, 1 मिमीला 151 आणि 0.5 मिमीला 153 मेगापास्कल आले, तर आकडा स्थिरावला असे मानता येते. केवळ पहिल्या आकड्यावर अहवाल देणे मला मान्य नाही. याच वेळी नोडवरची सरासरी बंद करून कॉन्टूर (ताणाचा रंगीत नकाशा) पाहावा. शेजारशेजारच्या एलिमेंटमध्ये ताणाची मोठी उडी दिसली, तर तिथला मेश अजून जाड आहे.

मेश बारीक करूनही आकडा वाढतच राहिला, तर आतला कोपरा धारदार आहे का ते तपासावे. मॉडेल सोपे करण्यासाठी फिलेट काढून टाकला असेल, तर त्या कोपऱ्यात सैद्धांतिक ताण अनंत असतो आणि कितीही बारीक मेश घेतला तरी तो आकडा निरर्थकच राहतो. फिलेट परत घालावा, आणि त्याची त्रिज्या ड्रॉइंगवरून न घेता प्रत्यक्ष कास्टिंगला रेडियस गेज लावून घ्यावी, कारण पॅटर्न (साचा बनवण्याचा नमुना) झिजला की ती बदलते. बोल्टच्या भोकाची कड पूर्ण जखडल्यास किंवा एकाच नोडवर बल दिल्यासही असाच खोटा ताण उभा राहतो. तो भाग निष्कर्षातून वगळावा.

ग्रे कास्ट आयर्न ठिसूळ असल्याने त्यासाठी व्हॉन मिझेस ताणाऐवजी (सर्व ताणांचा एकत्रित आकडा) कमाल प्रिन्सिपल ताण (कोणत्याही दिशेतला सर्वांत मोठा ओढीचा ताण) पाहावा.

आधारांवरच्या प्रतिक्रिया बलांची बेरीज दिलेल्या भाराशी जुळते का, हेही पाहावे. शेवटी शक्य असेल तर स्ट्रेन गेज (पृष्ठभाग किती ताणला गेला ते मोजणारी चिकटवायची पट्टी) लावून पडताळणी करावी, मात्र तो फिलेटच्या अगदी वळणावर न लावता थोडा बाजूला लावावा, कारण गेज आपल्या लांबीभरची सरासरी दाखवतो आणि वळणावरचे शिखर त्यात बुडून जाते.