मिक्सरचा खरखराट दाबणारा कपॅसिटर कसा निवडावा

मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो, कारण मोटरचे कार्बन ब्रश ठिणग्या टाकतात आणि त्यांचा गोंगाट वायरिंगमधून घरभर फिरतो. तो दाबायला आत छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा भाग, असतो. तो गेला की दुकानात नुसतं ‘१०४ द्या’ म्हणू नका. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, एवढंच कळतं. सुरक्षित कोणता, हे तो कुठल्या जागी जोडलाय यावर ठरतं.

प्लग काढा आणि जुना कपॅसिटर कुठे जोडलाय ते बघा. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असेल तर एक्स वर्गाचा हवा. फेज किंवा न्यूट्रलपासून अर्थिंगला किंवा धातूच्या बॉडीला जात असेल तर वाय वर्गाचा. एक्स शॉर्ट झाला तर फ्यूज उडेल, धूर होईल किंवा आगही लागू शकेल, पण बॉडीत करंट येत नाही. वाय शॉर्ट झाला तर बॉडीत थेट करंट उतरेल. म्हणून वायच्या जागी एक्स कधीच घालायचा नाही.

घरगुती यंत्राला सहसा एक्स-२ पुरतो. त्यावर वर्ग, २७५ किंवा ३१० व्होल्ट एसी आणि मान्यतेच्या खुणा छापलेल्या असतात. ‘६३० व्होल्ट डीसीचा चालेल की’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टच असतं, हे खरं. पण लाइनवर क्षणिक उसळ्या हजारांत जातात, आणि एक्स-२ ची चाचणी २५०० व्होल्टच्या झटक्यांवर होते. पंख्याचा कपॅसिटरही इथे चालत नाही, त्याचं कामच वेगळं.

वायचं मूल्य वाढवण्याचा मोह टाळा. ४.७ नॅनोफॅरडमधून, म्हणजे ०.००४७ मायक्रोफॅरडमधून, अर्थिंगकडे साधारण ०.३४ मिलिअँपिअर गळतो. तिथे ०.१ मायक्रोफॅरड बसवलात तर ७ मिलिअँपिअर! अर्थिंग तुटलेलं असेल तर हा करंट बॉडीला हात लावणाऱ्यातून जाईल, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडणारही नाही.

एक्स ०.१ मायक्रोफॅरडपेक्षा मोठा असेल तर त्याला समांतर रेझिस्टर आहे का ते पाहा. नाहीतर आत साठलेली वीज उतरत नाही आणि उपटलेल्या प्लगच्या पिना चटका देतात. ०.४७ मायक्रोफॅरडला ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले की काम होतं. एकट्या पाव वॅटच्या रेझिस्टरला एवढं व्होल्टेज सहसा झेपत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जाताना जुना तुकडा खिशात ठेवा. पायांमधलं अंतर जुळलं नाही तर पाय वाकवून बसवावे लागतात आणि ते कधी बॉडीला टेकतील, सांगता येत नाही. छपाई पुसट किंवा खाडाखोड केलेली असेल तर परत करा.